गावात बसून परदेशी ग्राहक कसा जोडायचा : ऑनलाइन ग्रुपवर नव्यानं येणाऱ्यांसाठी

समुद्रपूर, हिंगणघाट, भिवापूर, वरुड या पट्ट्यातल्या शेतकरी कंपन्या, बचत गट आणि एकट्यानं धंदा सुरू केलेली पोरं, सगळ्यांचा प्रश्न आता जवळपास एकच झाला आहे. भाऊ, निर्यातीचा कोड काढला, फेसबुकवर दिसेल तो इम्पोर्ट एक्स्पोर्टचा ग्रुप जॉईन केला, रोज मालाचा फोटो टाकतो, पण विचारणारा कोणी नाही, आता काय करू? प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून टाकतो. उदाहरण हळदीचं घेतो, मला त्यातलं जास्त समजते म्हणून, पण तुमच्याकडे मिरची असो, चिन्नोर तांदूळ असो, टसर असो की बांबूच्या वस्तू, रस्ता हाच.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो. ग्रुपवर माल विकल्या जात नाही राजेहो, ग्रुपवर ओळख होते. माल विकल्या जाते तो नंतर, मेलवर, फोनवर, नमुना पोहोचल्यावर. हे डोक्यात बसलं की ग्रुपवर काय टाकायचं आणि काय नाही हे आपोआप समजते.

आणि परदेशातला माणूस आपल्याशी ओळख काहून करील? रॉटरडॅमच्या मसाला आयातदाराला "उत्तम दर्जाची हळद, सर्वात कमी भाव" असे मेसेज दिवसभर येत असतात, मुंबईचे, गुजरातचे, कुठले कुठले ट्रेडर पाठवतात, तो उघडून पण पाहत नाही. पण तुम्ही वावरात उभे आहात. पाऊस कधी आला, कंद कसे भरले, करपा किती आहे, औंदा लागवड वाढली की घटली, हे तुम्हाला धुऱ्यावर उभं राहून दिसते आणि त्याला कितीही पैसे दिले तरी घरबसल्या दिसत नाही. तुमची खरी ताकद ही आहे आणि पुढचं सगळं मी तिच्यावरच बेतलं आहे.

आधी घरची तयारी

ग्रुप जॉईन करायला कागद लागत नाहीत, पण कोणी सिरियसली विचारलं की पहिल्या दोन मेलमध्येच कागद निघतात, आणि तेव्हा "काढायला टाकलं आहे" म्हटलं की समोरचा गेला. आयईसी म्हणजे आयात निर्यातीचा कोड डीजीएफटीच्या (परदेश व्यापार पाहणारं केंद्राचं खातं) साइटवर पॅनवर निघतो, सरकारी फी ५०० रुपये आहे, एजंटला हजारो रुपये द्यायची गरज नाही, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो साइटवर जाऊन अपडेट करा, काही बदल नसला तरी, नाहीतर कोड बंद पडतो. हळद, मिरचीसाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी, संत्रा, तांदूळ असेल तर अपेडाची (शेतमालाची निर्यात पाहणारी सरकारी संस्था), हस्तकलेच्या वस्तू असतील तर हस्तकला निर्यात परिषदेची. खायचा माल आहे म्हणून एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) लायसन्स, निर्यातीसाठी ते केंद्राचं लागते.

मग एचएस कोड, म्हणजे जगभर त्या मालाला दिलेला ठरलेला आकडा. हळदीचा ०९१०३०, आख्ख्या वाळल्या मिरचीचा ०९०४२१, तिखटाचा ०९०४२२. हे आकडे पाठच करा, परदेशातला माणूस मालाच्या नावाआधी हा आकडा विचारतो.

आता मालाचा एक पानी कागद. इंग्रजीत, एकच पान. मालाचं नाव, गाव, हंगाम, ओलावा किती टक्के, कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती टक्के, हळकुंडाची लांबी, पॉलिश केलेलं की नाही, बॅग किती किलोची, वर्षाला किती टन देऊ शकता. कर्क्युमिनचा आकडा एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबच्या रिपोर्टमधूनच घ्या आणि रिपोर्टची तारीख लिहा. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा कायदेशीर शिक्का, मिळालं, तिच्यात कर्क्युमिन चांगलं असते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण "चांगलं असते" यावर युरोपात कोणी एक किलो घेत नाही, तुमच्या लॉटचा (एका खेपेच्या मालाचा) आकडा लागतो. आणि जीआयचा शिक्का मारायचा तर नुसतं त्या गावचं असून भागत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद लागते, ती नसेल तर प्रोफाइलवर जीआय लिहू नका, चौकशी करणारा करतोच.

फोटोबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथंच बहुतेक पोस्ट मार खातात. गुगलवरचा पिवळाधमक फोटो टाकू नका, तोच फोटो आणखी शंभर जणांनी टाकलेला असतो. सकाळी दहाच्या आत, सावलीत, पांढऱ्या कपड्यावर पाच सहा हळकुंडं ठेवा, त्यातलं एक मधून मोडा म्हणजे आतला रंग दिसेल, बाजूला मोजपट्टी ठेवा आणि चिठ्ठीवर तारीख, गाव, लॉट नंबर लिहून ठेवा. फिल्टर लावू नका. मसाल्याचा जाणकार माणूस मोडलेल्या हळकुंडाकडेच आधी पाहतो, बाहेरची चमक पॉलिशनं येते हे त्याला माहीत असते.

मेल आयडी कंपनीच्या डोमेनचा घ्या, वर्षाचा खर्च फार नाही. लिंक्डइनवर स्वतःच्या नावानं प्रोफाइल बनवा, स्वतःचा साधा फोटो, आणि नावाखालच्या ओळीत "सीईओ, ग्लोबल एक्स्पोर्ट" वगैरे न लिहिता "हळद उत्पादक गट, वर्धा जिल्हा, महाराष्ट्र" असं सरळ लिहा. ग्लोबलवाले लाखानं आहेत, वर्धा जिल्ह्यातल्या वावरातून बोलणारे मोजके आहेत.

कोणत्या ग्रुपात जायचं

आधी देश ठरवा, मग ग्रुप. ट्रेडमॅप नावाची साइट आहे, जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरची, तिथं एचएस कोड टाकला की कोणता देश कुठून किती माल घेतो ते दिसते. भारत सरकारनं २०२४ मध्ये ट्रेड कनेक्ट नावाचं पोर्टल सुरू केलं, तेही पाहा. आपली हळद बांगलादेश, अमिराती, अमेरिका, मलेशिया, मोरोक्को अशा देशांत मोठ्या प्रमाणात जाते. सुरुवातीला दोन देश निवडा, एक जवळचा जिथं कागदाचा ताण कमी, एक लांबचा जिथं भाव बरा. एकाच देशावर विसंबू नका, आपल्या संत्र्याचं काय झालं ते वरुड, काटोलवाल्यांना विचारा. बांगलादेश मोठा ग्राहक होता, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं आणि त्याचा फटका इथल्या बागाईतदाराला बसला, त्यात कोणा कास्तकाराची चूक नव्हती.

ग्रुप ओळखायची सोपी परीक्षा आहे. आत गेल्यावर शेवटच्या वीस पंचवीस पोस्ट खाली सरकवत वाचा. सगळेच विकणारे असतील आणि कोणाच्याच पोस्टखाली बोलणं होत नसेल तर निघा. अधेमधे कोणी प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो, ऍडमिन फालतू जाहिराती काढून टाकतो, असा ग्रुप दिसला तर थांबा, मग त्यात मेंबर थोडे असले तरी चालतील. नुसत्या इम्पोर्ट एक्स्पोर्ट नावाच्या ग्रुपात बहुतेक आपल्यासारखे विकणारे आणि कोर्स विकणारे असतात. त्यापेक्षा मालाचे ग्रुप शोधा, मसाले, सेंद्रिय कच्चा माल, नैसर्गिक रंग, आयुर्वेदिक घटक. हळद खाण्यात जाते तशी रंगात जाते, सप्लिमेंटच्या गोळ्यांत जाते, तिकडचे ग्रुप वेगळे असतात आणि तिथं आपले लोक अजून कमी आहेत.

प्रदर्शनांचा काळ सोडू नका. दुबईचं गल्फफूड वर्षाच्या सुरुवातीला, न्यूरेनबर्गचं बायोफाख फेब्रुवारीत, कोलोनचं अनुगा विषम वर्षांत ऑक्टोबरमध्ये. आपण तिथं गेलो नाही तरी चालते. स्टॉल लावणाऱ्या कंपन्यांची यादी साइटवर उघडी असते, आणि त्या दिवसांत लिंक्डइनवर त्यांची माणसं भरभरून लिहितात, तेव्हा त्यांच्या पोस्टवर कामाचं काही बोललं तर उत्तर मिळायची शक्यता एरवीपेक्षा खूप जास्त असते.

आणखी एक दार आपलं घरचंच आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून, दुबई, सिंगापूरकडेही मंडळं आहेत आणि त्यांचे ऑनलाइन ग्रुप चालतात. तिथं जाऊन "माल घ्या" म्हणू नका, ते लोक आयातदार नाहीत. विचारायचं असं, की दादा, तुमच्या शहरात भारतीय किराण्याच्या दुकानांना मसाला कोण पुरवतो, त्या कंपनीचं नाव सांगाल का. आपल्या गावाकडचा माणूस विचारते म्हटलं की लोक मनापासून मदत करतात, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे.

पहिले काही आठवडे विकायचं नाही

आत गेल्याबरोबर रेट टाकू नका. आधी वाचा, कोण काय विचारतो, कोण नेहमी नीट उत्तर देतो, त्यांची नावं वहीत लिहा. मग ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला खरोखर येते तिथं उत्तर द्या. कोणी विचारलं की भारतातली नवी हळद बाजारात कधी येते, तर सांगा, आमच्याकडे काढणी साधारण जानेवारी ते मार्च, मग शिजवणं, मग पंधरा दिवसांच्या आसपास वाळवणं, मग पॉलिश, म्हणून चांगला कोरडा माल मार्चपासून पुढे. एवढंच. शेवटी "आमच्याकडून घ्या" जोडायचा मोह आवरा, उत्तर कामाचं असलं की माणूस प्रोफाइलवर जाऊन पाहतोच.

त्यानंतर आपलं खरं हत्यार, पिकाचा अहवाल. दर पंधरवड्याला किंवा महिन्याला एक छोटी पोस्ट, एक फोटो आणि चार सहा ओळी. मी इथं मराठीत देतो, तुम्ही साध्या इंग्रजीत टाका, ट्रान्सलेटची मदत घेतली तरी चालते, वाक्यं छोटी ठेवा म्हणजे भाषांतर बिघडत नाही:

"समुद्रपूर तालुका, वर्धा जिल्हा, मार्चचा पहिला आठवडा. आमच्या भागात काढणी बरीचशी उरकली. दोन दिवस ढगाळ होतं आणि एक सर आली. ज्यांचा माल उघड्यावर होता त्यांचा थोडा भिजला, वाळायला जास्त दिवस लागतील. आमच्या गटाचा माल ताडपत्रीखाली होता, तो कोरडा आहे. गाठी मागच्या वर्षीपेक्षा थोड्या बारीक."

पाहा, यात वाईट बातमी पण आहे, गाठी बारीक आहेत हे पण सांगितलं. तेच तर महत्त्वाचं आहे. सगळं छान छान लिहिणाऱ्यावर खरेदीदार विश्वास ठेवत नाही कारण त्याला माहीत आहे शेतीत सगळं छान कधीच नसते, आणि जो माणूस ऑर्डर नसताना स्वतःहून बारीक गाठींबद्दल सांगतो तो ऑर्डर असताना लपवणार नाही, असा हिशोब तो करतो. हे सातत्यानं, हंगामभर करायचं, मध्येच सोडायचं नाही. लाईक किती आले ते पाहू नका, आयातदार लोक लाईक करत नाहीत, गुपचूप वाचतात. बचत गटातल्या ताईंनी तर हे जरूर करावं, शिजवण्यापासून निवडण्यापर्यंतचं काम बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच हातातून जाते आणि त्यांच्याइतकं बारकाव्यानं कोणी सांगू शकत नाही.

थेट मेसेज

ज्याच्याशी ग्रुपात दोनदा तीनदा बोलणं झालं त्यालाच थेट मेसेज करा. छोटा. ग्रुपमधली कोणती गोष्ट वाचली, तुम्ही कोण, कुठले, आणि एकच प्रश्न. जसं (अफ्लाटॉक्सिन म्हणजे मालातल्या बुरशीतून होणारं विष), "तुम्ही ग्रुपमध्ये अफ्लाटॉक्सिनच्या अडचणीबद्दल लिहिलं होतं. आम्ही वर्धा जिल्ह्यातला हळद उत्पादक गट आहोत. तुमच्याकडे कोणत्या तपासण्या लागतात ते सांगाल का, आम्ही या हंगामापासून तशी तयारी करू." रेट नाही, कॅटलॉग नाही, पाच अटॅचमेंट नाहीत. असा प्रश्न विचारला की समोरच्याला आपलं काम समजावून सांगायला मिळते, आणि तुम्हाला फुकटात त्याची पूर्ण मागणी समजते.

उत्तर नाही आलं तर दहा बारा दिवसांनी एकदा आठवण द्या, मग सोडा. न विचारता कोणाला व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ऍड करू नका, युरोपात याचा फार राग येतो आणि खाजगी माहितीचे तिथले नियम पण कडक आहेत. गुड मॉर्निंगचे फोटो परदेशी ग्राहकाला पाठवू नका.

वेळ सांभाळा. हॉलंड, जर्मनीत सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचा दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. न्यूयॉर्कवाल्याशी बोलायचं तर आपली संध्याकाळ. सौदीत सुट्टी शुक्रवार शनिवार, अमिरातीत २०२२ पासून शनिवार रविवार आणि शुक्रवारी दुपारनंतर काम थंडावते. तारीख आकड्यांत न लिहिता महिन्याचं नाव लिहा, अमेरिकेत महिना आधी येतो आणि डिलिव्हरीच्या तारखेवरून उगाच भांडण होते. जर्मन माणसाला पहिल्या मेलपासून नावानं हाक मारू नका, आडनावानं बोला. अरब व्यापारी आधी घरची, तब्येतीची चौकशी करतो, ते घाईत उडवून रेटवर येऊ नका, हे तर आपल्याला शिकवायची गरज नाही, आपल्याकडे पण पाणी चहा झाल्याशिवाय सौद्याचं कोणी बोलते का?

व्हिडिओ कॉल ठरला तर गावात रेंज कुठं चांगली मिळते ते आदल्या दिवशी पाहून ठेवा, लाईट जाईल असं धरून फोन चार्ज ठेवा. शक्य असेल तर कॉल गोदामातून किंवा खळ्यावरून घ्या, मागं ढीग दिसू द्या. इंग्रजी अडखळते म्हणून लाजू नका, गटातल्या शिकलेल्या पोरीला पोराला शेजारी बसवा, पण मालाबद्दल बोलायचं ते तुम्हीच बोला.

समोरचा खरा आहे का

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ब्रिटनच्या कंपन्या कंपनीज हाऊसच्या साइटवर फुकट तपासता येतात, हॉलंडच्या केव्हीकेवर (तिथली व्यापार नोंदणी, आपलं कृषी विज्ञान केंद्र नाही), जर्मनीच्या हांडेल्सरेगिस्टर या कंपनी नोंदवहीवर. नाव, पत्ता, कंपनी कधी सुरू झाली ते जुळवा. मेल कंपनीच्या डोमेनवरून येतो का पाहा, आणि साइटवरच्या नंबरवर स्वतः फोन लावा, त्यानं मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

फसवणुकीच्या ठराविक चाली आहेत. मोठी ऑर्डर दाखवायची, भाव न घासता कबूल करायचा आणि मग "व्हेंडर नोंदणी फी", "वकिलाची फी", "परवान्याची फी" मागायची. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून आधी फी घेत नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुसरी, बँकेच्या स्विफ्ट मेसेजची (परदेशात पैसे पाठवल्याचा बँकेचा निरोप) कॉपी पाठवून "पैसे टाकले, माल सोडा" म्हणायचं. कॉपी म्हणजे पैसे नाहीत, तुमच्या बँकेनं जमा झाले म्हटलं तरच जमा. तिसरी सगळ्यात वाईट, चांगलं चाललेलं असताना कोणी तरी मधेच मेल हॅक करून तुमच्या ग्राहकाला "आमचं खातं बदललं" म्हणून कळवतो आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. म्हणून पहिल्याच सौद्यात ग्राहकाला सांगून ठेवा, की आमचं खातं मेलवर कधीच बदलणार नाही, तसा मेल आला तर फोन करा. फसलात तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, जितकं लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

नमुना आणि पहिली ऑर्डर

नमुना पाव किलो ते अर्धा किलो पुरतो. त्याच लॉटचा तितकाच नमुना सील करून आपल्याकडे ठेवा, तारीख टाकून, उद्या वाद झाला तर तोच कामी येतो. निवडून निवडून सुंदर हळकुंडं पाठवू नका, पोत्यातून जसं येईल तसं पाठवा, कारण माल पण तसाच जाणार आहे. कुरियरचा खर्च कोण करणार ते आधी बोला, खरा आयातदार बरेचदा स्वतःचा कुरियर खाते क्रमांक देतो. अमेरिकेत खायचा माल पाठवायचा असेल तर नमुना असला तरी एफडीएला (तिथलं अन्न औषध खातं) आधी सूचना द्यावी लागते, कुरियरवाल्याला तसं सांगा. युरोपसाठी हळदीत अफ्लाटॉक्सिन बी१ किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिन १० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, शिसं आणि कीटकनाशकाचे अंश पण पाहतात. नीट न वाळलेल्या मालात बुरशी येते आणि तिच्यातूनच अफ्लाटॉक्सिन होते, म्हणून ओलाव्याचं मीटर घ्या, हातात घेऊन वाजवून पाहणं इथं पुरत नाही.

भाव एफओबी न्हावाशेवा असा द्या, न्हावाशेवा या मुंबईजवळच्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा. म्हणजे मालाची किंमत, पॉलिश, बॅग, लॅब, बंदरापर्यंतचा ट्रक, सीएचएचे (कस्टमचं काम करणारा एजंट) पैसे, बंदराचा खर्च, बँकेचे चार्जेस, हे सगळं धरून. ट्रकचा आणि सीएचएचा रेट आधी लेखी घ्या, वर्ध्याहून बंदर लांब आहे आणि अंदाजानं धरलेलं भाडं नफा खाऊन टाकते.

पहिली ऑर्डर मुद्दाम छोटी घ्या, दुसऱ्याच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये जाईल एवढी. पैशाची बोलणी लाजून टाळू नका. काही रक्कम आगाऊ आणि बाकी कागद बँकेमार्फत गेल्यावर, किंवा मोठी ऑर्डर असेल तर एलसी, म्हणजे ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी. एलसीमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी बँक अडवते, म्हणून मसुदा हाती आला की आधी आपल्या बँकेच्या फॉरेक्सवाल्या साहेबांना दाखवा, तालुक्याच्या शाखेत हे काम होत नसेल तर नागपूरला जा. उधारीवर द्यायची वेळ आली तर ईसीजीसीचा विमा (परदेशी ग्राहकानं पैसे बुडवले तर त्यासाठीचा) पाहा, ती सरकारी कंपनी १९५७ पासून याच कामाला आहे, आणि ग्राहकाची पत पण तपासते.

माल निघाल्यावर गप्प बसू नका. ट्रक भरतानाचा फोटो, कंटेनर नंबर, जहाज निघाल्याची तारीख, सगळं विचारायच्या आत कळवा. उशीर होणार असेल तर तो पण आधीच कळवा. आणि माल पोहोचला, पैसे आले म्हणून ग्रुपवरचा पिकाचा अहवाल बंद करू नका, उलट मे जूनमध्ये लागवडीच्या तयारीत असतानाच त्या ग्राहकाला विचारा, की पुढच्या हंगामात साधारण किती टन लागतील, कोणत्या तपासण्या वाढल्या आहेत, म्हणजे गटात किती एकर हळद लावायची ते बेणं घ्यायच्या आधीच ठरवता येते.